हार्बोलचं बरं चाललंय

हार्बोलच्या माणसांना सगळं बोलता येतं, फक्त आपलं वाईट चाललंय एवढं बोलता येत नाही. वादळाने घराचं छप्पर उचलून शेजारच्या शेतात नेऊन टाकलं, तरी इथला माणूस दारात उभा राहून म्हणेल, "आज जरा वारा आहे." बायको सोडून गेली तर म्हणेल, "घर जरा शांत झालंय." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते ठीक आहे, पण या लोकांनी मूठ इतकी वर्षं झाकून धरली होती की आत काही उरलंय का, हे त्यांनाही पाहायचं धाडस नव्हतं.

डाग्नी किर्क याच गावची. धक्क्यावरच्या विटांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिचा जाळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. एक लांबलचक खोली, छताला कप्प्या, भिंतीला दोरांची भेंडोळी, आणि समुद्रतळाच्या दगडांवर फाटलेली जाळी बांधून देणारी ती एकटी. पूर्वी तिथे चौघी बायका हसतखिदळत काम करायच्या. गावच्या व्यापारी मंडळाची अध्यक्षही तीच होती. निवडणुकीच्या सभेत बाकी सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते आणि हिने नेमकी त्याच क्षणी मान वर केली, एवढंच तिचं राजकीय कर्तृत्व.

गावाचा जीव बंदरात आणि बंदराचा जीव त्याच्या तोंडात. पश्चिमेचा वारा हिवाळाभर वाळू आणून त्या तोंडात कोंबतो, आणि सरकारचं गाळ उपसणारं जहाज येऊन ती काढतं, हे डाग्नीच्या आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. मग राजधानीत कुणीतरी ठरवलं की लहान बंदरांनी आपलं आपण बघावं. मागच्या हिवाळ्यात जहाज आलं नाही. फेब्रुवारीत ईवर लोडालची बोट मासळी घेऊन आत शिरताना तोंडातच तळाला लागली. मागून लाट आली ती बोटीच्या पाठीवरून चढून गेली. अर्धा गाव धक्क्यावर उभा होता आणि कुणालाही काही करता येत नव्हतं. डाग्नी शेजारणीचा हात धरून उभी होती. तो हात तिने किती जोराने दाबला होता ते दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या निळ्या बोटांवरून कळलं. पुढच्या लाटेने बोट उचलली आणि आत फेकली, म्हणून ईवर आणि त्याची माणसं वाचली. वर आल्यावर ईवर म्हणाला, "जरा उथळ झालंय." कुणीतरी दिलेली कॉफी तशीच धक्क्यावर ठेवून तो बोटीकडे न बघता घरी गेला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

आता बंदरात चारच बोटी उरल्या होत्या. त्याही उत्तरेच्या मोठ्या बंदराला गेल्या तर बर्फाचा कारखाना बंद, लिलाव बंद, मग बोटींना शिधा देणारं लाउस्तचं वाणसामानाचं दुकान बंद, रिक्केची मासे धुरवायची भट्टी बंद आणि डाग्नी तर बंदच बंद. उरला असता तो उन्हाळ्यातला समुद्रकिनारा, आणि आइस्क्रीम मागणारे जर्मन पाहुणे. जाळी बांधणाऱ्या बाईने साठीला टेकल्यावर आइस्क्रीम विकायला शिकायचं, की पोरीकडे शहरात जाऊन खिडकीत बसायचं?

मंडळाने सरकारला लिहिलं. सरकारने वसंतात एक तरुण अधिकारी पाठवला. पिवळा रेनकोट, गोड चेहरा, ऐकून घ्यायची मनापासून तयारी. दुकानादुकानात जाऊन त्याने विचारलं, "कसं चाललंय?"

आणि गावाने काय केलं? गावाने त्याला कॉफी दिली. दालचिनीचे रोल दिले. बेकरीवाला म्हणाला, "पाव खपतो." लाउस्त ब्येरेगोर म्हणाला, "चाललंय की!" आणि त्याच्या खिशात मीठ लावलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या कोंबल्या. आणि डाग्नी? तिच्याकडे त्या दिवशी एक दोरा जोडायचं काम नव्हतं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर तिने सगळे दिवे लावले, एक जुनं जाळं कप्पीवर चढवलं आणि त्याला म्हणाली, "हाताला उसंत नाही बघ."

त्या बिचाऱ्याने ऐकलं तेच लिहिलं. हार्बोलमधल्या व्यवसायांवर वाळूचा विशेष परिणाम दिसत नाही. गावातलं वातावरण प्रसन्न आहे.

तो अहवाल रिक्केने मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवला. रिक्के मूळची कोपनहेगनची. लग्न करून भट्टीवाल्यांच्या घरात आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, तरी गावात तिला अजून 'ती नवीन' म्हणायचे.

"प्रसन्न?" रिक्केने कागद टेबलावर आपटला. "तुम्हाला वेड लागलंय का रे सगळ्यांना? सरकारचा माणूस दारात येऊन विचारतोय, दुखतंय कुठं, आणि तुम्ही त्याला केक खाऊ घालताय!"

"मग काय पाहुण्यासमोर रडगाणं गायचं?" लाउस्त म्हणाला. सत्तरी ओलांडलेला हा माणूस डाग्नीच्या आधी पुष्कळ वर्षं मंडळाचा अध्यक्ष होता, आणि त्याचा शब्द अजूनही सभेत शेवटचा असायचा. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हार्बोल नावाचं एक गाव होतं!"

सभा बुटांकडे पाहू लागली. डाग्नीने मात्र या वेळीही मान वर केली, कारण अध्यक्ष म्हणून तिला ती करावीच लागायची. ती म्हणाली की आता एकच वाट उरलीय, संसदेच्या समितीपुढे जाऊन उभं राहायचं. तिथे कुणालाही वेळ मागता येतो. पंधरा मिनिटं मिळतात. आपण बोलायचं, त्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर ते देत नाहीत, वाद घालत नाहीत, फक्त ऐकतात. पंधरा मिनिटं संपली की दार उघडतं आणि पुढचे लोक आत येतात.

"पण तोवर बोटी थांबल्या पाहिजेत," डाग्नी म्हणाली आणि तिने मागच्या बाकावरच्या ईवरकडे पाहिलं. दोघं शाळेत एका वर्गात होती. "समितीला मी सांगणार की चार बोटी इथंच राहतील, फक्त तोंड मोकळं करा. थांबाल ना रे?"

ईवरने टोपी हातात फिरवली. "थांबू की," तो म्हणाला. "घाई कसली आहे?"

सगळ्यांना बरं वाटलं. मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून एक गाणं म्हटलं, केक कापला, आणि आपापल्या घरी गेले.

शरद ऋतूत तारीख मिळाली. डाग्नी, लाउस्त आणि रिक्के अशी तिघं आगगाडीने निघाली. लाउस्तने अंत्यसंस्कारांना घालायचा काळा सूट घातला होता. रिक्के वाटभर त्याला पढवत होती.

"लाउस्त, तू तिथं एक शब्द बोलायचा नाहीस."

"मग मला नेताय कशाला?"

"तुझा चेहरा बघून दया येते म्हणून. तोंड उघडलंस की जाते."

लाउस्त हसला. त्याला राग येत नसे, किंवा आला तरी तो कुठे ठेवत असे कुणास ठाऊक. डाग्नी खिडकीबाहेर बघत मनात भाषण घोळवत होती. वाळूची खोली, लाटांची उंची, मासळीची आवक, सगळं तोंडपाठ होतं. पंधरा मिनिटांत एक गाव वाचवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आणि वाचवणार कोण, तर आयुष्यात कधी कुणाकडे वाटीभर साखरही न मागितलेली बाई.

समितीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचे जग, कागदांचे गठ्ठे, आणि आधीच्या मंडळींचं ऐकून थकलेले खासदार. कोपऱ्यात कॅमेरा. इथलं कामकाज त्याच वेळी टीव्हीवर दाखवतात, आणि तिकडे हार्बोलच्या हॉटेलात मोठ्या पडद्यासमोर सगळा गाव जमलाय, हे डाग्नीला माहीत होतं. अध्यक्षबाई कनवाळू चेहऱ्याच्या होत्या. तिघं बसल्यावर त्या लाउस्तकडे बघून हसल्या. सर्वांत वडीलधारा तोच होता, म्हणून सहज, नुसतं आपुलकीने, त्यांनी विचारलं, "लांबून आलात. कसं चाललंय तिकडं?"

रिक्केने टेबलाखालून लाउस्तला लाथ मारली, पण उशीर झाला होता.

"चाललंय की!" लाउस्त म्हणाला. "काही तक्रार नाही."

खोली एकदम सैलावली. कुणी पाणी ओतून घेतलं, कुणी पेनाचं टोपण लावलं. डाग्नीला ते टोपण लावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तिने भाषण सुरू केलं. वाळू सांगितली, लाटा सांगितल्या, आवक सांगितली, ईवरची बोट सांगितली, तोंड मोकळं केलं तर चारही बोटी इथंच राहतील म्हणून सांगितलं. आकडे बरोबर होते, पण ते सगळे पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या समोरचा चष्मेवाला खासदार पानं उलटत होता. तिचं संपल्यावर तो अगदी सभ्यपणे म्हणाला,

"एक विचारू? आमच्या अधिकाऱ्याने तुमच्या गावात प्रत्येक दुकानात चौकशी केलीय. सगळ्यांनी बरं चाललंय असंच सांगितलं. जाळ्यांच्या कारखान्यात तर म्हणे हाताला उसंत नाही. आत्ता तुमचे हे गृहस्थही म्हणाले, तक्रार नाही. मग अडचण नेमकी कुणाला आहे?"

रिक्के काहीतरी बोलायला गेली. डाग्नीने तिच्या मनगटावर हात ठेवला. कॅमेऱ्याच्या पलीकडे सगळा गाव बसलाय, हे तिला विसरता येईना.

"जाळ्यांचा कारखाना माझाच आहे," ती म्हणाली. "ते मी खोटं बोलले होते."

खासदाराने मान वर केली.

"ईस्टरनंतर मला कुणी एक जाळं आणून दिलेलं नाही. तरी मी रोज पहाटे जाते. दिवे लावते. एक जुनं जाळं आहे, ते कप्पीवर चढवते, कात्रीने कापते आणि परत बांधते. संध्याकाळी घरी जाते. दुसऱ्या दिवशी तेच जाळं परत कापते." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "खिडकी धक्क्यावर उघडते ना. बोटीवरच्यांना दिवा दिसतो. डाग्नीचं चाललंय, असं त्यांना वाटावं. माझं बंद पडलं असं कळलं तर बाकीच्यांचा धीर सुटेल, म्हणून. आणि लाज वाटते, म्हणूनही. आधी लाज, मग बाकीचं. आमच्याकडे कुणी मरायला टेकला असला ना, तरी डॉक्टरला म्हणतो, तुम्ही कसे आहात? तुमचा माणूस आला, त्याला आम्ही सगळ्यांनी फसवलं. त्याची काही चूक नाही. आम्ही बुडतोय. नाकातोंडात पाणी गेलंय. मला याच्याहून नीट सांगता येत नाही."

चष्मेवाल्याने पेनाचं टोपण काढलं, पण त्याने काही लिहिलं नाही. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांनाच ते पाहिल्याचं वाईट वाटलं असावं. "वेळ संपलीय," त्या हळू म्हणाल्या. "आल्याबद्दल आभार." दार उघडलं. बाहेर मधमाशा पाळणाऱ्यांचं शिष्टमंडळ बरण्या घेऊन उभं होतं.

बाहेरच्या बाकावर लाउस्त मटकन बसला. तो लालबुंद झाला होता. डाग्नीला वाटलं, आता हा आपल्याला बोलणार, गावाची अब्रू वेशीला टांगलीस म्हणून. तो बराच वेळ आपल्या काळ्या सुटाच्या बाहीवरचा नसलेला धागा ओढत राहिला.

"मी जानेवारीत दुकान बंद करतोय," तो म्हणाला. "अजून घरी बायकोलाही सांगितलेलं नाही."

रिक्केने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मग आत सांगायचं होतंस की!"

"तिनं विचारलं कसं चाललंय," लाउस्त म्हणाला. "ओळख ना पाळख. तिला काय सांगणार?" आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही, बहुधा पुसलं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. डाग्नी त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात हातात घ्यावासा तिला वाटला, आणि तिने घेतला. हार्बोलमध्ये, कुणाची बोट बुडत असल्याशिवाय, तिने हे कधी केलं नसतं.

संध्याकाळच्या गाडीने तिघं परतली. गावच्या स्टेशनवर उतरल्यावर समोरून बेकरीवाला सायकलवरून गेला. त्याने नेहमीसारखी मान हलवली आणि मग एकदम नजर चोरली. डाग्नीला भर बाजारात अंगावरचं वस्त्र ओढून घेतल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरीही ती कारखान्यात गेली. जाणार कुठे? जाळं कापायचं मात्र तिच्याने होईना. ती नुसतीच खुर्चीवर बसून होती, तेवढ्यात रिक्केचा फोन आला. रिक्के ओरडतच होती.

"डाग्नी, बसलीयस का? बस! समितीच्या अध्यक्षबाईचा स्वतःचा फोन आला, अर्जावर माझा नंबर होता ना. समिती मंत्र्याला बोलावून जाब विचारणार आहे. त्या म्हणाल्या, जहाज या हिवाळ्यातच पाठवायला लावू. तुझ्यामुळे बाई, तुझ्यामुळे! अगं, रडतेयस काय? बोल ना!"

"चांगलं झालं," डाग्नी म्हणाली.

"चांगलं झालं? एवढंच? तुम्हा लोकांना काय म्हणावं!"

फोन ठेवल्यावर तिला खरंच उठून नाचावंसं वाटलं. म्हणजे वाळू निघेल. बोटी राहतील. बर्फ राहील, लिलाव राहील, कदाचित लाउस्तचं दुकानही. तिने खिडकी उघडून खारा वारा आत घेतला. तेव्हाच जिन्यावर जड बुटांची पावलं वाजली आणि ईवर दारात आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"ईवर! ऐकलंस का?" तिने त्याला आत ओढलंच. "मंत्र्याला बोलावणारेत. जहाज येतंय!"

"अरे वा," ईवर म्हणाला. "छान."

तो बसला नाही. कप्पीवर लटकलेल्या त्या जुन्या जाळ्याकडे बघत राहिला. कापून कापून आणि बांधून बांधून त्यात मूळचं फारसं काही उरलंच नव्हतं.

"काल हॉटेलात बघितलं आम्ही," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं गं."

"कुणालाच नव्हतं."

"नाही, तसं नाही." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझं जाळं मे महिन्यात फाटलं. मग परत ऑगस्टमध्ये. मी उत्तरेला नेऊन बांधून घेतलं. दोन्ही वेळेला. बाकीच्या तिघांनीही तिथंच दिलं. पहाटे निघताना तुझ्याकडं दिवा दिसायचा. म्हटलं, हिला आधीच कामाचा ढीग पडलाय. एकट्या बाईला आणखी कशाला त्रास द्यायचा?"

डाग्नी त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू येतंय की किंकाळी येतेय, तेच कळेना. धक्क्यापासून जिना चढून वर यायला कितीसं अंतर? आणि हा गडी फाटकं जाळं घेऊन उत्तरेपर्यंत गेला, हिला त्रास नको म्हणून. आणि ही वर बसून कापत होती, बांधत होती.

"एकदा विचारायचंस तरी!" ती किंचाळली. ती किंचाळल्याचं त्या इमारतीने याआधी ऐकलं नव्हतं. "शाळेत माझ्या शेजारी बसायचास ना तू? वर येऊन एकदा विचारायला काय झालं होतं तुला?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

ती खुर्चीत बसली. खाली धक्क्यावर समुद्रपक्षी कशावरून तरी भांडत होते.

"आणखी एक आहे," ईवर म्हणाला.

त्याच्या आवाजावरूनच तिच्या ते लक्षात आलं. "सही केलीस," ती म्हणाली.

"चौघांनी. उत्तरेच्या बंदरात जागा घेतलीय. वसंतातच."

"वसंतात? म्हणजे सभेत तू 'थांबू की' म्हणालास तेव्हा..."

"तू एवढी धडपडत होतीस. सगळ्यांसमोर कशाला तुझं मन मोडायचं?"

डाग्नीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. समितीसमोर चार बोटी राहतील म्हणून ती छातीठोक सांगून आली होती. जहाज येणार, वाळू उपसणार, तोंड मोकळं करणार, आणि त्या मोकळ्या तोंडातून आत यायला कुणी नसणार. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं? थोड्या वेळाने तिने हात खाली घेतले.

"पण वाळू निघाली तर?" तिने विचारलं. "तोंड पहिल्यासारखं खोल झालं तर परत येशील?"

"येईन की," ईवर लगेच म्हणाला. "का नाही येणार?"

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "ईवर, माझ्याकडे बघ. हे खरं सांगतोयस, की मला बरं वाटावं म्हणून?"

त्याने बुटांकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा फेब्रुवारीत बोटीवरून उतरताना होता तसा झाला.

"नाही," तो म्हणाला. "नाही येणार. उन्हाळाभर कसंबसं रेटलं, पण त्या तोंडातून आत शिरायची माझी हिंमत आता राहिलेली नाही. खोल असलं तरी. झोपेत ती लाट दिसते मला. पोरं बोटीवर असतात माझ्या, डाग्नी. जमणार नाही मला."

तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आयुष्यभर त्याला ओळखत असूनही त्याने तिला खरंखुरं असं पहिल्यांदाच काही सांगितलं होतं.

"जाळं परत फाटलंय माझं," तो हळूच म्हणाला. "खाली गाडीत आहे. शनिवारी निघायचं म्हणतोय. देशील बांधून?"

हार्बोल सोडून जाणाऱ्या बोटीचं जाळं! ईस्टरनंतर तिच्या हाताला आलेलं पहिलं काम. नाही म्हणावं, त्याला जिन्यावरून ढकलून द्यावं, असं तिच्या मनात आलं.

"आण वर," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ते ओलं, जड जाळं वर ओढलं आणि कप्पीवर चढवलं. मधोमध बैल जाईल एवढं भगदाड होतं. तिने कडा साफ केल्या, आणि बांधायला सुरुवात केली. ईवर भिंतीला टेकून बसला आणि तिला सुयांमध्ये दोरा भरून देऊ लागला. तिचे हात भराभर चालत होते. गाठीमागून गाठ बसत होती, आणि प्रत्येक गाठ ती अशी आवळत होती की उत्तरेच्या समुद्रात ती सुटणं शक्य नव्हतं.

"पुढं फाटलं तर कुणाकडं देशील?" तिने मान वर न करता विचारलं.

"तिकडं आहेत दोघं बाप-लेक."

"चांगलं बांधतात?"

"बरं बांधतात. तुझ्यासारखं नाही."

तिची सुई थांबली. "हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून?"

"हे खरं," ईवर म्हणाला.

मग मात्र डाग्नीला रडू आवरलं नाही. ती सुई हातात धरून, त्याच्यासमोर, डोळे न पुसता रडली.